वीस मिनिटांचं पाणी

पहाटे साडेचारला काकाजी उजव्या पायातली चप्पल काढायचे आणि उघडा तळवा रस्त्याकडेच्या पाइपावर ठेवून उभे राहायचे. डोळे मिटलेले. एका हातात दोन हात लांबीची लोखंडी चावी, दुसरा हात वर केलेला. म्हणजे कोणी बोलायचं नाही. ओळीतल्या बाया गुंड-हंडे घेऊन आपापल्या दारात थांबलेल्या. पायाच्या तळव्याला काय कळायचं कोण जाणे, पण काकाजी डोळे उघडून म्हणायचे, "दम धरा. येऊन राह्यलं."

आणि यायचं. आधी नळातून नुसती हवा, मग दोन-चार शिंतोडे, मग तांबूस पाणी, मग चांगलं पाणी.

मी त्या गावाचा ग्रामसेवक होतो, सात वर्षं. अल्लीपूरच्या बाजूनं थोडं आत गेलं की ते गाव लागतं. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की तिथली मंडळी आपापली बाजू मांडायला माझ्या वर्ध्याच्या घरी येतील, आणि माझ्याकडे खुर्च्या चारच आहेत. काकाजी म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे. टाकीखालच्या मोठ्या व्हॉल्व्हपासून सुरुवात करून एकेका ओळीचा व्हॉल्व्ह उघडायचा, चाळीस मिनिटं झाली की बंद करून पुढची ओळ घ्यायची, हे त्यांचं काम. लहानथोर सगळे त्यांना काकाजीच म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण मीसुद्धा ते मोठ्यानं कधी वाचल्याचं आठवत नाही.

मी रुजू झालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे त्यांनी माझं दार वाजवलं.

"सायब, तुम्ही सचिव म्हणून आले का पाहुणे म्हणून?"

"काऊन?" मी पांघरुणातूनच विचारलं. मी रोहण्याचा, त्यामुळे झोपेत मला प्रमाण मराठी सुचत नाही.

"पाहुण्यायले झोपू देतो. सचिवाले पानी कसं सुटते ते दाखवा लागते."

मला झोप अत्यंत प्रिय. तरी उठलो, आणि मग ती सवयच झाली. का झाली ते सांगता येत नाही. दुपारी त्या गावात फायली होत्या, तक्रारी होत्या, ऊन होतं. पहाटे यातलं काहीच नसायचं. कापसाच्या जिनिंगच्या बाजूनं आलेली रुई हवेत तरंगायची, दिव्याच्या खांबाखाली तिचा एकेक तंतू दिसायचा, कडुनिंबाच्या पानांवर पांढरं काहीतरी बसलेलं असायचं. काकाजी पुढे, मी मागे, आणि आमच्या मागे एकेका ओळीत पाणी पडायला लागल्याचा आवाज. तेव्हाच्या किती गोष्टी खरंच घडल्या आणि किती मी अर्धवट झोपेत पाहिल्या, ते आता मला वेगळं काढता येत नाही. तुमचंही कुठल्या तरी गावाबद्दल असं होत असेल.

आवाजावरून काकाजींना सगळं कळायचं. रिकाम्या पितळी गुंडाचा आवाज वेगळा, प्लास्टिकच्या ड्रमचा वेगळा. एकदा शाळेच्या ओळीत थबकून म्हणाले, "यायच्या घरी आज दोन गुंड जास्त भरून राह्यले. लेक आली वाटते बाळंतपनाले." लेक आदल्या रात्रीच्या शेवटच्या एसटीनं आली होती. शेजारणीलाही अजून पत्ता नव्हता.

गावात चार ओळी होत्या. मंदिराची, वरची, शाळेची आणि पंचशील ओळ. पंचशील ओळ सगळ्यात शेवटी, विहाराकडची. काकाजींचं घर तिथंच. बावीस वर्षं ते हे काम करत होते आणि बावीस वर्षं मानधनावर होते. यावर ते चिडायचे नाहीत, हसायचे. "मी रोज पानी सोडून राह्यलो, सायब. पन कागदावर मी अजून तात्पुरताच हाव." त्यांना एकदा आपल्या नावापुढे 'कायम' असं लिहून हवं होतं. तो कागद घरी नेऊन काकीला दाखवायचा होता. काकी म्हणजे त्यांची बायको, अंगानं बारीक, आवाजानं दणदणीत.

त्यांच्या आईची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. मंदिराच्या ओळीत जुनी विहीर आहे, आता जाळी टाकलेली. त्या विहिरीपासून थोडं दूर एक दगड होता. काकाजींची आई लहानपणी तिथं मडकं ठेवून उभी राहायची. कोणाला वाटलं तर तो वरून पाणी ओतायचा. नाही वाटलं तर ऊन चढेपर्यंत उभं राहायचं. "माय सांगे, तहान लागल्याचं काई वाटे नाई. पन वाट पाहाची लाज वाटे." एवढंच बोलून त्यांनी चप्पल काढली आणि पाय पाइपावर ठेवला. आमच्या रोहण्यालाही असाच एक दगड होता, आणि आमचं घर ओतणाऱ्यांपैकी होतं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

गावाबाहेर, मोठ्या रस्त्याला जिनिंग आहे. कापसाचा हंगाम लागला की बाहेरची माणसं तिथं कामाला यायची आणि हंगाम संपला की जायची. माझ्या तिसऱ्या वर्षी ती जाईनाशी झाली. ओडिशाची दहा-बारा घरं, छत्तीसगडची काही, तेलंगणाची दोन कुटुंबं, आणि बिहारचे एकटे गडी. जिनिंगमागच्या टेकाडावर पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, दोऱ्यांवर लुगडी वाळू लागली, आणि गावानं त्या वस्तीचं बारसं उरकून टाकलं. बाहेरपुरा. पंचशील ओळीच्या पुढे पाइप थोडा लांबवून त्यांना एक नळ दिला होता. शंभरेक माणसांना एकच नळ.

काकाजींना या लोकांचं भारी नवल. पहिल्या आठवड्यातच त्यांनी पाण्याला कोण काय म्हणतं ते विचारून घेतलं. तेलंगणावाले नीळ्ळू म्हणत, तो शब्द ते दोन दिवस जिभेवर घोळवत होते. ओडिशाच्या बाया पाणीच म्हणत, तेही आपल्यासारखा 'ण' लावून. काकाजी स्वतः जन्मभर पानी म्हणत आलेले. शाळेचे मास्तर त्यांना म्हणाले, "काकाजी, त्या बाईचं मराठी तुमच्यापेक्षा शुद्ध आहे." काकाजींना हे इतकं आवडलं की त्यांनी स्वतःच गावभर सांगितलं.

पण त्यांना साधुसंत समजू नका. बाहेरपुऱ्याच्या तक्रारीही तेच करायचे. तिथले गडी व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गुटखा थुंकत. दिवसभर मोबाइलवर एकच गाणं लावत. "कान किटले, सायब, माहे. नव्या गान्याले पैसे लागतात का त्यायले?"

तक्रार फक्त गाण्याची असती तर काय हवं होतं! पंचशील ओळीतल्या पाच-सहा जणांचं जिनिंगमधलं काम गेलं होतं, आणि त्यांच्या जागी बाहेरचे गडी लागले होते. ते कमी मजुरीवर राबत आणि सुट्टी मागत नसत. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर संध्याकाळी यावरच चर्चा चाले. मास्तर म्हणत, देश असाच बनतो, चार दिशांची माणसं एकत्र आली की बळ वाढतं. शाळेच्या भिंतीवर त्यांनी ते रंगवूनही घेतलं होतं. कृषी केंद्रवाला म्हणे, "बळ कोणाचं वाढते? आज पानी मांगतात, उद्या जागा मांगतीन, परवा तुमाले गावात कोनी वळखनार नाई." दोघंही पेपर वाचणारे, दोघंही हटायचे नाहीत. काकाजी ओट्याच्या पायरीवर बसून ऐकत. एका पहाटे त्यांनी मला विचारलं, "सायब, भिंतीवर लिवलं ते खरं का कृषी केंद्रवाला म्हन्ते ते खरं?"

मी म्हणालो, "दोन्हीत थोडं थोडं तथ्य आहे." सरकारी माणसाला हे उत्तर केव्हाही देता येतं.

"मंग तुमी लिवान तवा कोनतं लिवान?" असं विचारून ते पुढच्या व्हॉल्व्हकडे गेले.

ती वेळ मे महिन्यात आली. नदीकाठच्या विहिरीनं तळ दाखवला आणि पाणी तीन दिवसांआड झालं. ग्रामसभा भरली. विषय तिसरा, पाणीटंचाई. विषय पाचवा, पाणीपुरवठा कर्मचाऱ्यास कायम करणे. वरच्या ओळीतल्या एकानं उठून सांगितलं की गावालाच पुरत नाही तर बाहेरपुऱ्याला कशाला, त्यांची घरं रजिस्टरला नाहीत, ते कर भरत नाहीत, ते आपले नाहीत. टाळ्या पडल्या. टाळ्यांमध्ये पंचशील ओळीतलेही हात होते. मास्तर त्या दिवशी बाहेरगावी गेले होते, किंवा त्यांनी तसं कळवलं होतं.

ठराव मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, आणि अशा वेळी मला शब्दही चांगले सुचतात. 'गावातील मूळ रहिवाशांना प्राधान्याने पाणीपुरवठा करण्यात यावा व अन्य वस्तीचा पुरवठा पुढील आदेशापर्यंत बंद ठेवण्यात यावा.' 'अन्य वस्ती' हा शब्द मला तेव्हा फार सोयीचा वाटला होता. आज तो आठवला की माझीच मला लाज वाटते.

वाचून झाल्यावर दाराजवळ बसलेले काकाजी उभे राहिले.

"मूळ म्हंजे कवापासूनचं, सायब?"

मग सरपंच हसून म्हणाले, "काकाजी, बसा. तुमचाबी विषय हाये ना आज."

"हाये जी. म्हनूनच इचारलं. माह्या आजाले शिवेची राखन होती. शीव कुठं हाये हे त्यालेच पुसत. पन राहनं शिवेच्या बाहीर. तो मूळ होता का अन्य?"

सरपंच पुढचा विषय घ्या म्हणाले. पाचव्या विषयापर्यंत येईतो उशीर झाला होता, असं ठरलं. मी तिथं लिहिलं, 'तहकूब'. तेही चांगल्या अक्षरात.

ठरावानंतर पाण्याच्या पहिल्या पाळीला काकाजींनी बाहेरपुऱ्याचा व्हॉल्व्ह उघडला नाही. त्याच्या पुढच्या पाळीला मात्र टेकाडावर पाणी पोचल्याची खबर सरपंचांकडे गेली आणि सरपंचांनी मला पाठवलं. ठराव झाल्यापासून मी पहाटे काकाजींसोबत जाणं टाळत होतो, त्या दिवशी पंचशील ओळीपाशी जाऊन पाहिलं. ओळीला वीस मिनिटं झाली होती, चाळीस नाही. काकाजींनी तिचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला, चार पावलं पुढे गेले आणि बाहेरपुऱ्याचा उघडला.

"काकाजी, ठराव झालाय," मी हळू आवाजात म्हणालो.

"ठराव कुठं मोडला? गावाचं पानी गावालेच देल्लं. हे आमच्या ओळीचं हाये. आमचं आमी कोनाले द्याचं ते आमी पाहू."

"ओळीला विचारलं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चावीकडे. "माह्या ओळीले इचारा काऊन लागन?" ते म्हणाले. "त्यायले ठाव हाये ना, वाट पाहनं कसं असते ते."

ती त्यांची चूक होती, आणि तशी चूक तेच करू जाणे. ज्यांनी सोसलं ते न विचारता देतील, असं त्यांनी धरून चाललं होतं.

तिसऱ्या पाळीला ओळीतल्या एका बाईनं मोबाइलवर गजर लावून वेळ पाहिली, आणि संध्याकाळी विहारात सगळी ओळ जमली. मला बोलावलं होतं, मी दारातच उभा होतो. सगळ्यात पुढे कोण होतं म्हणता? काकी.

"तुमच्या मायनं दुसऱ्याच्या हाताकडं पाहात जिनगी काढली," काकी म्हणाल्या. "आमचं पानी आमच्या दारात याले किती लोकायनं मोर्चे काढले, ते इसरले का? अन् आता आमच्याच लेकरायच्या गुंडातलं काढून तुमी दान करता! अन् कोनाले? ज्यायनं आमच्या पोरायचे कामं घेतले त्यायले?"

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मी आजही त्यांच्या बाजूनं विचार केला तर मला तसंच वाटतं.

काकाजी उठून उभे राहिले. मग म्हणाले, "चुकलो. इचारलं नाई. मालक झालो तुमचा. आता इचारतो." आणि त्यांनी विचारलं. कोणी नाही म्हणालं, कोणी हो म्हणालं, कोणी उठून गेलं. भांडण तीन संध्याकाळी चाललं. शेवटी एवढंच ठरलं की पावसाळ्यापर्यंत द्यावं, नंतर पाहू. काकींनी होकारही दिला नाही आणि नकारही नाही. त्या आठ दिवस काकाजींशी बोलल्याच नाहीत.

"भाकर वाढते," काकाजी मला पहाटे सांगत. "पन ताट असं आपटते, का भाकर उडून हातात येते."

नवव्या दिवशी काकी एकट्याच टेकाडावर गेल्या. ही माणसं पाणी नासतात, हे डोळ्यांनी पाहून यायचं आणि पुराव्यानिशी नवऱ्याचं तोंड बंद करायचं, असा त्यांचा बेत होता. ओडिशाची एक बाई दारात तान्ह्या पोराला न्हाऊ घालत होती. पोराला परातीत बसवलं होतं. न्हाणं झाल्यावर तिनं परातीतलं पाणी बादलीत काढलं, त्यात पोराचे कपडे धुतले, आणि उरलेलं पाणी शेणामातीत कालवून चुलीपुढची जमीन सारवली. परात पुसून तिनं त्यातच पीठ घेतलं. काकी हे सगळं उभ्या राहून पाहत होत्या. बाईनं त्यांना बसायला पाट दिला आणि प्यायला पाणी आणलं. तांब्या भरून, काठोकाठ.

काकींनी घरी येऊन काहीच सांगितलं नाही. हे सगळं मला पुष्कळ दिवसांनी त्यांच्याच तोंडून कळलं. पण पुढच्या पाळीला वीस मिनिटं व्हायच्या आधीच त्या दारातून ओरडल्या, "झालं आमचं! घ्या पुढं!" काकाजी चावी घेऊन पुढे निघाले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. पहाटेचा उजेड अजून व्हायचा होता, तरी मला तो दिसला.

पावसाळा आला, विहीर भरली, पाणी दिवसाआड यायला लागलं, पण ठराव 'पुढील आदेशापर्यंत' होता आणि तो पुढील आदेश कोणी काढला नाही. तो विषय पत्रिकेवर मीच घ्यायला हवा होता. घेतला नाही. काकाजींना कायम करण्याचा विषयही दर वेळी यायचा आणि तहकूब व्हायचा, कारण ते ठरावाला वळसा घालतात हे सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षं बाहेरपुरा पंचशील ओळीच्या वीस मिनिटांवर जगला. काकाजींनी मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

पौषातली थंडी होती. काकाजी सकाळी पाणी सोडून घरी आले, काकींना म्हणाले, "जरासा पडतो," आणि पडले ते उठले नाहीत. विहारात वंदना झाली तेव्हा बाहेरपुऱ्याची माणसं आली होती. पण ती दूर रस्त्यावरच थांबली, आत जावं की नाही ते त्यांना कळेना. काकींनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "तिथं काऊन उभे? आत या." मग ती आत आली आणि मागच्या भिंतीला टेकून बसली. काकी तेव्हा रडल्या नाहीत. नंतरही त्यांना रडताना कोणी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाण्याची पाळी आली आणि मग आमचे डोळे उघडले. सरपंचांचा भाचा, आयटीआय झालेला, तिशीचा माणूस, चावी घेऊन उभा होता. त्यानं मला विचारलं, "सायब, कोणत्या ओळीचा किती फिरवाचा?" मी कपाट उघडलं. नळयोजनेचा नकाशा नव्हता. बावीस वर्षांत कोणी एक ओळ लिहून घेतलेली नव्हती. ठराव मात्र सगळे होते, फाइलला लावलेले. भाच्यानं अंदाजानं शाळेचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि जुना जोड निसटून पाणी रस्त्यावर आलं. टाकी रिकामी झाली. दुरुस्ती झाली, टाकी भरली, दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे पहाटे जमले. या वेळी त्यानं भीत भीत थोडासा उघडला, तर नळाला सुतासारखी धार. वरच्या ओळीला तर थेंब नाही. ओळी आपापसात बोलायला लागल्या, आवाज चढले. त्यांना पाणी दिलं, आम्हाला नाही. यांच्यामुळे, त्यांच्यामुळे.

मागून कोणीतरी म्हणालं, "भैया, ऐसे नहीं."

ती ओडिशाची बाई होती, परातवाली. कडेवर पोर. भाच्यानं ऐकलं नसल्यासारखं केलं. ती पुढे आली, पोर शेजारणीकडे दिलं आणि खड्ड्यापाशी उकिडवी बसली.

"काकाजी पहले पूरा बंद करते थे. फिर साडेसात चक्कर. फिर थोडा वापस."

"तुले कसं ठाव?" सरपंचांनी विचारलं.

तिनं सांगितलं ते असं. ठराव झाल्यापासून तिला रोज भीती असायची की आज काकाजींना कोणी अडवलं तर? म्हणून पाळीच्या दिवशी ती पहिल्या व्हॉल्व्हपासून त्यांच्या मागे मागे चालायची, अंधारात, थोडं अंतर ठेवून. बाकीच्या ओळी आटोपत आल्या की तिला धीर यायचा. वेळ जावा म्हणून ती चावीचे फेरे मोजायची. दोन वर्षं. मी त्याच रस्त्यानं, त्याच पहाटे, त्यांच्यासोबत चालत होतो. मी काहीही मोजलं नव्हतं.

भाच्यानं चावी तिच्या हातात दिली. तिनं साडेसात फेरे फिरवले, पाव फेरा उलटा घेतला, आणि शाळेच्या ओळीत नळ वाजू लागले. चाळीस मिनिटांनी तो व्हॉल्व्ह बंद करून ती वरच्या ओळीकडे चालू लागली. सगळी माणसं हंडे घेऊन तिच्या मागे.

"अन् आमची?" वरच्या ओळीतला तोच माणूस विचारत होता, ज्यानं ग्रामसभेत विषय काढला होता.

"आपकी नौ. ऊंची है ना आपकी. और पहले शालावाली पूरी बंद करनी पडती है."

मी खिशातून कागद काढला आणि लिहायला लागलो. मंदिराची ओळ, साडेपाच. वरची ओळ, नऊ. शाळेची, साडेसात. पंचशील, सहा. मग मी तिला विचारलं, "अन् तुमच्या पुऱ्याचे?"

"हमारा अलग कहां है, साहब. काकी की लाइन का आधा टाइम. चार चक्कर."

मी सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "लिवा. अर्धं काऊन? पुरे चाळीस मिनिटं लिवा." मी पाचवी ओळ म्हणून बाहेरपुरा लिहिला. ग्रामपंचायतीच्या कागदावर ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा आलं. हे लिहिताना आनंद व्हायला हवा होता. पण ज्याला हा कागद दाखवायचा तो माणूस नव्हता.

पंचशील ओळीच्या खड्ड्यापाशी आम्ही शेवटी आलो. काकी तिथं एकट्याच उभ्या होत्या. बाईनं खाली बसून सहा फेरे मोजून फिरवले, थांबली, अगदी काकाजींसारखा डावा हात गुडघ्यावर टेकून पाव फेरा उलटा घेतला. काकींना पाहून तिला वाटलं, नवऱ्याची चावी परक्या हातात पाहून या रागावल्या. तिनं चावी सोडून दिली आणि मागे सरकली.

काकी खड्ड्याच्या काठावर बसल्या. त्यांनी चावी उचलून पुन्हा तिच्या हातात दिली. ओळीत सगळीकडे पाणी पडायला लागलं होतं, पण कोणी गुंड लावायला हललं नाही.

"आनखी एकडाव फिरवून दाखव वं," काकी म्हणाल्या. "ते उलटं घेते ना शेवटी, ते."